तापानं गेलेले कान

बाबा, आई गेली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात ती मला जवळ बसवून माझे कान चाचपायची. आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ओठ दिसत होते. "माह्याच हातानं झालं पोरी," एवढंच ती म्हणायची. मी मान हलवून नाही म्हणायची. मनातून मात्र मलाही ते खरंच वाटत होतं. त्यासाठी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वावरात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचं खुंट माझ्या पायात शिरलं, तेव्हा तुम्ही शाळेच्या शिबिरासाठी परगावी होता. आईनं खुंट उपसलं, हळद भरली, लिंबाचा पाला बांधला आणि तुमची वाट पाहिली. तुम्ही आलात तोवर पाय पोटरीपर्यंत सुजला होता. मंगरूळपीरच्या डॉक्टरांची पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, तरी ताप हटेना. मग एसटीच्या मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही अकोल्याला निघालात. सोबत तुमच्या शाळेतले दुसरे गुरुजी होते. जखमेतून हिरवट पू येत होता आणि त्याच्या गोडसर वासानं पुढच्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर खाटेशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, हे जंतू साध्या औषधाला दाद देत नाहीत. दोन औषधं जोडीनं द्यावी लागतील, शिरेतून. एक नागपूरहून मागवावं लागेल."

"मागवा साहेब. पण पोरगी वाचली पाह्यजे."

"जरा बाहेर या," डॉक्टर म्हणाले. तुम्ही आणि गुरुजी व्हरांड्यात गेलात. परत आलात तेव्हा माझ्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलात.

एक औषध बाटलीतून थेंब थेंब उतरायचं. दुसरं नर्सबाई मागाहून त्याच शिरेत हळूहळू सोडायच्या. ताप उतरला, पू आटला, मी पेज मागितली. आणि एका दुपारी मी तुम्हाला म्हणते आहे, "बाबा, रातकिडे बोलून राह्यले." तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवता. "भर दुपारी कुठले रातकिडे, बाई?" मी नीट ऐकलेलं तुमचं ते जवळजवळ शेवटचं वाक्य. पुढं सगळ्यांचे आवाज दूर दूर गेले. उठून चालायला लागले तर तोलही गेलेला. आजही अंधारात मला भिंत धरावी लागते.

घरी आल्यावर तुम्ही सगळ्यांना सांगितलं, तापानं नसा सुकल्या. लोकांनी त्याला पुढचं जोडलं. आजीनं, आत्यांनी, साऱ्या मोहल्ल्यानं. पाला बांधून बसली, वेळेवर नेलं असतं तर ताप एवढा चढलाच नसता. आईनं ते मान खाली घालून घेतलं. त्यानंतर तिनं आमच्यापैकी कोणाच्याच जखमेला हात लावला नाही. धाकट्याचा गुडघा फुटला तरी शेजारणीला हाक मारायची.

मला मात्र तुम्ही टाकलं नाही. रोज सकाळी शाळेआधी ओट्यावर उन्हात समोर बसवायचात, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचात आणि एकेक शब्द सावकाश बोलायचात. भाकर. पाखरू. बाभूळ. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, मग मागचापुढचा शब्द पाहून ओळखायचं, हे तुम्ही शिकवलंत. त्या विद्येवर मी मॅट्रिक झाले, नोकरी केली, साहेबांच्या मिशांआडचे हुकूम वाचले. जगातले सगळे ओठ तुम्ही मला उघडून दिलेत.

म्हणूनच एक दिवस मला दिसलं. तुम्ही जेवत होता आणि चुलीपुढं आई म्हणाली, "दोन दिवस आंधी नेलं असतं तं पोरीचे कान राह्यले असते." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "आता कायले काढतं ते?" म्हणालात आणि वरण मागितलंत. तिनं वाढलं. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माझा बाप, बायकोला दोषसुद्धा देत नाही.

आईनंतर वर्षभरानं मानोऱ्याच्या एका लग्नात ते गुरुजी भेटले. पार थकलेले, दात नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्या बापाचं काळीज मोठं. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, या औषधानं जीव वाचन, पण कान जाऊ शकतात. अन् त्यानं तिथंच हो म्हणून टाकलं." मला हे ठाऊकच असणार, असं त्यांना वाटत होतं.

तो होकार मी तुम्हाला कधीच माफ केला, बाबा; माफ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. माझ्या लेकरासाठी मीही तोच दिला असता. पण घरी येऊन तुम्ही आईला एवढंही सांगितलं नाहीत, की तुह्या पाल्यानं नाही, औषधानं गेले. एक वाक्य. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला दिवसभर उन्हात उभं करणारे तुम्ही, ती जन्मभर उभी राहिलेली पाहत जेवत राहिलात. कोणाला भ्याला होता? मला? मी मोठी होऊन म्हणेन, की माझे कान तुम्ही देऊन टाकलेत? म्हणून तिचा आडोसा केलात? ती मरेपर्यंत माझे कान चाचपत राहिली, आणि खरं सांगायला मी पोचले तेव्हा ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

गुरुजींना मी त्या मांडवात म्हटलं, "गुरुजी, तुमच्या तोंडात दात नाहीत, मले समजलं नाही. पुन्हा सांगा." बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा, सावकाश, ओठ ताणून. धाप लागली त्यांना.

मला पहिल्याच वेळी समजलं होतं.