सिग्नल पूर्ण, नेट नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची माझ्या घरात! सुकापूरच्या नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रबळगड दिसतो आणि खाली अजून थोडी भातखाचरं उरली आहेत. सत्यजीत म्हणतो, वर्षभरात तीही जातील, बघून घे.

लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेत. स्थळ निनाददादाने शोधलं. आई-बाबा गेल्यावर माझं सगळं त्यानेच केलं, मग हेही त्यानेच करणार. सत्यजीत उरणला बंदरात मोठ्या हुद्द्यावर आहे, सकाळी आठला जातो, सातला येतो. माझ्या जर्मनच्या ऑनलाइन वर्गांसाठी त्याने छोटी खोली तयार ठेवली होती. टेबल, दिवा, वर फळीवर नवा कोरा राउटर. या इमारतीत मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच, फोनसुद्धा वाय-फायवरून लागतात. म्हणून त्याने राउटर मुद्दाम भारीतला घेतला.

दाराला चावी नाही. बोट टेकवलं की उघडतं, आणि सत्यजीत उरणहून फोनवरूनही ते लावू-उघडू शकतो. मी म्हटलं, चावी हरवायची भीती गेली. कागदाच्या वहीत रोजनिशी लिहिते म्हणून तो मला हसला. हसू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नेटने पहिला झटका दिला. कादंबरीशी बोलत होते. कॉलेजपासूनची मैत्रीण, दोघींना तासभर लागतोच. मध्येच तिचा चेहरा गोठला, तोंड उघडं राहिलेलं. लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या काड्या भरलेल्या, पण नेट नाही. वीस मिनिटांनी आपोआप आलं.

संध्याकाळी सत्यजीतने शांतपणे सगळं समजावलं. राउटर बंद करून तीस सेकंद थांब. लॅपटॉपमधून नेटवर्क काढून टाक, पुन्हा जोड. तसं केलं. पाठ थोपटून म्हणाला, शिकशील हळूहळू.

९ नोव्हेंबर, रविवार

वहीच्या मागच्या पानावर नोंद सुरू केली आहे. किती वाजता गेलं, कधी आलं, मी काय करत होते. आतापर्यंत केलेले उपाय: वाय-फायचा ड्रायव्हर नवा टाकला, बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फाय झोपतं ती सोय बंद केली, मायक्रोवेव्ह लांब हलवला. काही फरक नाही. गंमत म्हणजे वर्ग चालू असताना एकदाही गेलं नाही. दादाचा फोनही कधी तुटला नाही. बिचाऱ्या कादंबरीचंच नशीब खोटं. सात वेळा!

सत्यजीत म्हणाला, ती एवढं काय बोलते रोज?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रडले. पुण्याच्या भाषासंस्थेची मुलाखत होती, आठवड्यातले तीन दिवस तिथे जाऊन शिकवायचं होतं. छान चालली होती. बाईंनी विचारलं, पनवेलहून येणं जमेल ना? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं गोठलं. सिग्नल पूर्ण, नेट नाही. राउटर बंद-चालू केला, फोन घेऊन गच्चीत पळाले, परत आले. पन्नास मिनिटं.

नेट आलं तेव्हा त्यांची मेल आली होती. दुसऱ्या कुणालातरी घेतलं.

सत्यजीतने जवळ घेतलं. म्हणाला, बरंच झालं, तुला दगदग झेपली नसती. त्याला मुलाखतीची वेळ मी सांगितली होती का? आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सत्यजीतला न विचारता नेट कंपनीच्या माणसाला बोलावलं. इंद्रजीत नाव, पन्नाशीचे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी राउटरमधून लॅपटॉपला थेट वायर जोडली. मग मला कादंबरीला फोन लावायला सांगितला. सव्वा तास बोललो, एकदाही तुटला नाही! म्हणजे लाइन चांगली, लॅपटॉप चांगला, फक्त वाय-फायमध्ये काहीतरी आहे. वायर तशीच राहू द्या म्हणाले.

जाताना त्यांनी कंपनीच्या पासवर्डने राउटरच्या आतलं पान उघडून दाखवलं. या घडीला घरात काय काय जोडलेलं आहे त्याची यादी. माझा लॅपटॉप, माझा फोन, दाराचं कुलूप. आणि आणखी एक फोन. नाव ‘पूर्वी’. इंद्रजीत म्हणाले, सिग्नल बघता तो याच घरात आहे, शेजारी नाही.

सत्यजीत आल्यावर विचारलं. तो बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, पूर्वीचा असेल कुठलातरी, आधी राहणाऱ्यांचा.

पण घर कोरं घेतलं होतं, आधी कुणीच राहिलं नव्हतं, असं यानेच तर सांगितलं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वायर नाही. सकाळी उठले तेव्हाच नव्हती. सत्यजीत म्हणाला, पायात अडकून पडली असतीस.

रंभाताई भांडी घासायला येतात, नेरे गावाकडच्या. इमारत झाल्यापासून, चार वर्षं इथेच कामाला आहेत. त्यांना विचारलं, आमच्या आधी इथे कोण राहायचं? त्यांनी नळ बंद केला.

“पूर्वीताय ना? ती सायबाची बायको. तुमाला कोनी नाय सांगलं?”

मी स्टुलावर बसले. रंभाताई हळूहळू बोलत राहिल्या. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गोड होती, पण नंतर नंतर कुणाशी बोलेनाशी झाली. एक दिवस तिचा बाप गाडी घेऊन आला. दोघांनी धरून तिला खाली नेलं, बापाने आणि साहेबांनी. रंभाताईंनी जिन्यात हाक मारली तर तिने ओळखलंच नाही. डोक्यावर परिणाम झाला, इस्पितळात ठेवलंय, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं.

‘पूर्वीचा असेल.’ खोटं बोललाच नाही तो. मीच चुकीचं ऐकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गेटबाहेर रेंज येते. तिथून इंद्रजीतना फोन केला. ते सोमवारपासून मला सांगावं की नाही याच विचारात होते, कारण नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आज बोलले. नेट जात नाही, कुणीतरी थांबवतं. राउटरचं अ‍ॅप ज्याच्या फोनात आहे तो. माझा लॅपटॉप आणि फोन लहान मुलांच्या यादीत टाकलेत. मूल नको ते बघायला लागलं की आईबापाने एक बटण दाबायचं, तशी सोय असते. सहा तारखेपासून एकवीस वेळा दाबलंय.

वहीच्या मागच्या पानावर माझ्याही नोंदी एकवीस.

पण मी कुणाशी बोलतेय हे त्याला उरणला बसून कसं कळतं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं.

फोन हातात धरून, नेटचा सिग्नल नव्हे, पूर्वीच्या फोनचं ब्लूटूथ कुठे जोरात येतं ते बघत घरभर फिरले. पलंगाखाली सरपटत गेले, कपाटामागे गेले. माझ्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर, खोट्या छतात. स्टुलावर चढून दिव्याची चकती काढली, कडेचं पीओपी फुटून अंगावर पडलं. आत फोन. दिव्याच्या वायरीतून चार्जिंग लावलेलं. गरम. कॅमेरा चालू, तोंड खाली, माझ्या खुर्चीवर.

त्याला लॉक नव्हतं. आत नोंदी होत्या, तिच्या. मी उभ्या उभ्या वाचल्या.

‘११.१० आईचा फोन तुटला. ११.४० परत.’

‘ड्रायव्हर नवा टाकला. फरक नाही.’

‘लॅपटॉप बदलावा का? स. म्हणतो तुझंच काहीतरी चुकतं.’

पानंच्या पानं. तेच उपाय, त्याच क्रमाने. त्यानेच तिलाही शिकवले असणार. शेवटची नोंद एवढीच — ‘बाबांना सगळं सांगितलं. उद्या न्यायला येतायत. सुटले.’

फोन जसा होता तसा आत ठेवला. जमीन पुसली, आंघोळ केली.

सातला तो आला. उरणहून ताजे बोंबील आणले होते, स्वतः तळले. जेवताना हात पुढे करून माझ्या केसांतून एक पांढरा कण काढला. बोटांत धरून बघितला. ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाला, अजून एक घे, गार होतील.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी १२.२०

बाहेर जाऊन आले. दार उघडलं, बोट चाललं. माझा फोन घरीच ठेवला, गेटपाशी रंभाताईंच्या फोनवरून दादाला सगळं सांगितलं. पूर्वीचं, बटणाचं, कॅमेऱ्याचं. दादा म्हणाला, चारू, घाबरू नकोस, मी पुण्याहून निघतो. चारपर्यंत पोचतो. रस्त्यावर तमाशा नको, वर जा, तुझी कागदपत्रं भर, आणि आता परत त्या स्टुलावर चढू नकोस.

पूर्वीच्या बापासारखा माझा दादा नाही. बाबा गेले त्या दिवशी मला मांडीवर घेऊन बसला होता, स्वतः सतरा वर्षांचा.

कागदपत्रं भरली. पासपोर्ट, पदव्या. बरं वाटतंय. चारला तीन तास चाळीस

१२.४०

मी दादाला स्टुलाचं सांगितलंच नव्हतं. ‘छतात कॅमेरा सापडला’ एवढंच म्हणाले. आठवून आठवून बघितलं. स्टूल हा शब्द मी —

त्याने बघितलंय. मला बघितलंय. स्टुलावर चढून छत फोडताना, एकटीने बडबडताना. सत्यजीतने दाखवलं. कधीपासून

१२.४५

बोट लागत नाही. लाल दिवा. पुन्हा. पुन्हा लाल.

१२.५०

नेट आहे. पहिल्यांदाच एवढं जोरात. आणि उघडतो फक्त सत्यजीतचा निरोप, बाकी काही उघडत नाही. ‘निनादशी दोन आठवडे बोलतोय. तो खूप समजूतदार आहे. सही त्यानेच केली. शांत बस.’

सही. दादाची. कसल्या कागदावर — पूर्वीला ठेवलं त्या इस्पितळाच्या? दोन आठवडे. म्हणजे कादंबरीचे फोन तुटत होते तेव्हा हा —

१.०५

लिफ्ट. आमच्या मजल्यावर. दादा पुण्याहून एवढ्यात कसा येईल? पनवेलमध्येच होता. मी बोलत होते तेव्हाही इथेच —

दोघांचे आवाज. दादा हळू बोलतोय, लहानपणी मला ताप आला की बोलायचा तसा.

स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून वही जाईल. खाली रंभाताई दिसतायत. हाक मारली, वर बघितलं त्यांनी. टाकते. ज्याच्या हाती लागेल त्याने कादंबरीला द्या, इंद्रजीतना, पोलिसांना, कुणालाही वाचून दाखवा. फक्त माझ्या भावा