बाकी सर्व वादक तयार

३ नोव्हेंबर, सोमवार
सासुरवाडीहून परतताना कोहमाऱ्याला ढाब्यावर चहाला थांबलो. भिंतीवर कागद चिकटवलेला. 'नवीन ऑर्केस्ट्रा. मंडई-जत्रांच्या सीझनसाठी ऑर्गन वादक पाहिजे. बाकी सर्व वादक तयार. ऑडिशन होईल.' खाली नंबर. नाव नाही.
तीनदा वाचला. सगळं आहे, फक्त ऑर्गनवाला नाही. आणि मी तिथेच उभा. याला योग म्हणतात.
निश्चय केला: सुरधारा मंडळ सोडायचं. चौदा वर्षं झाली. मंडळ काढलं मी, अध्यक्ष मी, ऑर्गन मी. पण माणसानं फुलचूरच्या समाजमंदिरात किती दिवस वाजवावं? केवलरामच्या ढोलकला ताल शिकवता शिकवता डोक्यावरचे केस गेले. एवढ्यात कोणाला सांगणार नाही. बिचारे हादरतील.

४ नोव्हेंबर
त्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं. डीपीच्या जागी नुसता काळा गोल. माझी माहिती, ऑर्गनसह दोन फोटो आणि अकरा रेकॉर्डिंग पाठवली. तासाभरानं एका फॉर्मचा फोटो आणि उत्तर: 'फॉर्म भरा.' बस्स. प्रोफेशनल लोक कमी बोलतात.

५ नोव्हेंबर
फॉर्मची प्रिंट काढली, भरली आणि ढाब्यावर पोचवायला कोहमाऱ्याच्या बसमध्ये कंडक्टरकडे दिली. त्यात एक रकाना होता, 'आधीचे मंडळ सोडण्याचे कारण'. प्रामाणिकपणे लिहिलं. श्यामलाल ऑक्टोपॅड वाजवत नाही, धुणं बडवतो. टेकचंद नाकातून गातो आणि त्याची पट्टी अजून कोणाला सापडलेली नाही. केवलराम माणूस चांगला आहे, ढोलक सोसून घ्यावी लागते. जागा पुरेना, मग मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं. मन हलकं झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस. मी वेळेवर हजर. बाकी कोणी नाही. श्यामलालला फोन केला तर म्हणाला, पोट दुखून राहिलं. टेकचंदला केला, त्याचंही पोट. केवलरामनं उचललाच नाही.
कोपऱ्यात ऑक्टोपॅड नव्हता. सगळीकडे धूळ, तेवढी चौकोनी जागा स्वच्छ. रिपेअरिंगला दिला असणार. एकट्यानंच दीड तास वाजवलं. छान झालं. खरं सांगायचं तर नेहमीपेक्षा छान.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
पानठेल्यावर तिघंही उभे. लांबून हसू ऐकू येत होतं. मी पोचलो आणि बटण दाबावं तसं सगळं बंद. पोटदुखीचं विचारलं. श्यामलाल म्हणाला, बरं आहे. केवलराम माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, जेवण झालं काय भाऊ? सकाळचे साडेनऊ वाजले होते.
समजलं. बातमी फुटली. मी जाणार म्हणून धसका घेतलाय यांनी.
घरी चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, तुमी त्याहिले एकदा इचारून तं पाहा, का होऊन राहिलं. मी म्हटलं, अध्यक्षानं विचारत फिरणं बरं दिसत नाही. त्यावर ती भाजी चिरत राहिली. बारा वर्षं झाली लग्नाला, ही बाई कधी गप्प बसत नाही. आज बसली. मला ते आवडलं नाही.

११ नोव्हेंबर
मंडळाच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकलं. तिघांनी पाहिलं, उत्तर कोणाचंच नाही. दुपारी श्यामलाल ग्रुपमधून बाहेर. दोन मिनिटांत टेकचंद. नेटवर्कचा प्रॉब्लेम.
आता ग्रुपमध्ये मी आणि केवलराम. माझ्या खताच्या दुकानात युरियाचं गिऱ्हाईक उभं असताना चार वेळा फोन उघडून पाहिलं, तो आहे ना. आहे.

१२ नोव्हेंबर
केवलराम बाहेर.

१३ नोव्हेंबर
समाजमंदिरात जाऊन आलो. ढोलक नाही. माईक नाही. वायरीसुद्धा नाहीत. माझा ऑर्गन तेवढा जागेवर, आणि त्यावर कोणीतरी पांढरी चादर घातलेली. चारही कोपरे नीट खोचून, मयताच्या तोंडावरून घालतात तशी. आजवर या लोकांनी एक वस्तू नीट झाकून ठेवली नव्हती.
थोडा वेळ दारातच उभा राहिलो. मग चादर काढून घडी केली. चोरी असेल का? पण चोर चादर कशाला घालेल? विचार केला नाही. ऑर्गन घरी आणला.

१४ नोव्हेंबर
काळ्या गोलाचा मेसेज: 'रविवारी अकरा वाजता. ढाब्यामागचा हॉल. एकदा विचार करून घ्या.' शेवटचं वाक्य सगळ्यांनाच पाठवत असतील. विचारलं, उमेदवार किती आहेत? उत्तर: 'तुम्ही एकटेच.' म्हणजे माझं नाव ऐकून बाकीच्यांनी माघार घेतली.
स्वतःसाठी ऑडिशनचे नियम ठरवले. दहा मिनिटं आधी पोचायचं, जास्त नाही. विचारल्याशिवाय वाजवायचं नाही. दोनच गाणी. दुसरा गात-वाजवत असेल तेव्हा आपला हात आवरायचा. जुन्या मंडळाची निंदा करायची नाही (फॉर्मची गोष्ट वेगळी). 'मी' हा शब्द कमी वापरायचा. हे सगळं मी फार चांगलं करू शकतो.
जेवण मात्र गेलं नाही. कलावंताला होतं असं.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आठलाच निघतोय. ऑर्गन मागच्या सीटवर. चेतना दारापर्यंत आली आणि म्हणाली, नका जाऊ जी. कारण विचारलं तर सांगेना. मी म्हटलं, निवड झाली की बघ. तिनं मान फिरवली.

१६ नोव्हेंबर, दुपार
लिहायचं नव्हतं. लिहितो.
दार दुर्गाप्रसादनं उघडलं. मंडप-डेकोरेशनवाला, काळा गोल तोच. मी दीड तास आधी पोचलो म्हणून तो बिचकला. हॉलमध्ये एकच ट्यूब लागलेली. ऑक्टोपॅड ओळखीचा वाटला. त्याच्यामागे श्यामलाल. माईकपाशी टेकचंद. केवलराम खाली बसलेला, मांडीवर ढोलक.
माझं डोकंच फिरलं. मंडळाला न सांगता ऑडिशनला आले! मी ओरडलो, माझ्या पाठीमागे दुसरीकडे जाता, लाज नाही वाटत? दुर्गाप्रसादच हळूच म्हणाला, नाई जी, हे ऑडिशनले नाई आले. हेच तं मंडळ आहे.
मी खुर्ची शोधली.
टेबलावर माझा फॉर्म होता. इतक्या वेळा उघडून घडी घातलेला की मधून फाटला होता. त्याला तेलकट बोटांचे डाग होते. दुर्गाप्रसाद म्हणाला, इंद्रकुमारजी, फॉर्म भरला त्याचं ऑडिशन घ्याच लागते, मी सगळ्याईले तसंच सांगतलं. आणि पद्धत म्हणून त्यानं तो रकाना वाचून दाखवला. पूर्ण. मग कागद उलटून मागची बाजू. श्यामलाल वायर गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. टेकचंदचा हात नकळत नाकाला गेला. मी म्हणालो, ते घाईत लिहिलं होतं. दोन्ही बाजूंनी घाईत.
मग तो म्हणाला, वाजवा.
दोन गाणी ठरवली होती, चार वाजवली. तिसऱ्यात टेकचंदनं गायला तोंड उघडलं, पण माझा तुकडा चालू होता. त्यानं मिटून घेतलं. मला ते दिसलं. यापूर्वी असं किती वेळा झालं असेल आणि मला दिसलं नसेल, हे वाजवता वाजवताच मनात आलं. तरी हात थांबेनात. थांबलो असतो तर कोणीतरी काहीतरी बोललं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.
दुर्गाप्रसाद म्हणाला, दोन दिवसांत कळवतो. केवलरामनं ऑर्गनची एक बाजू धरून तो गाडीत ठेवायला मदत केली. आम्ही दोघंही ऑर्गनकडेच बघत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दुर्गाप्रसादचा फोन नाही. केवलराम आला. हातात पिशवी. तीत सुरधारेचा बॅनर, शिक्का आणि समाजमंदिराची दुसरी किल्ली. पिशवी ओसरीवर ठेवून म्हणाला, आपल्याइकडे मंडळातून कोणाले काढत नाईत, भाऊ. म्हणून आमीच निघालो. नाव तुमचं, अध्यक्ष तुमीच राहा.
कसंबसं विचारलं, ऑर्गनवाला मिळाला का? म्हणाला, नाई. यावर्षी ऑर्गनबिगरच करून राहिलो.
म्हणजे अध्यक्ष मी, सदस्य मी, मंडळ मी. मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर आलं. म्हटलं, चौदा वर्षं सोबत बसलो. एकदा तोंडावर सांगायचं होतं रे.
तो उभा राहिला, चप्पल पायात घातली आणि म्हणाला, चौदा वर्स सांगूनच राहिलो होतो, भाऊ. तुमी वाजवून राहिले होते.
चेतना दोन कप चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा तो फाटकाबाहेर पोचला होता.