पारण्याची वाटी

२० नोव्हें., गुरुवार
परवा लिहिलं ते चूक. काका एकादशीला गेले असं लिहिलं होतं. गेले द्वादशीला. घरात सगळे "एकादशीचा उपास बाधला" म्हणतात, म्हणून तसं डोक्यात बसलं. श्राद्धाचं विचारायला गुरुजींना फोन केला तेव्हा कळलं. हसत म्हणाले, "तुमच्या घरचं सोयीचं आहे, ताई. माईंची सासू, माईंचे यजमान, आता काका. तिघांची द्वादशी. पितृपक्षात एक ही दिन में निपट जाते हैं।"
मीही हसले. फोन ठेवला आणि तिघांची नावं वहीत एकाखाली एक लिहिली.
द्वादशीला सकाळी उपास सोडायचा. पारण्याचं रांधते माईआत्या, सोवळ्यात. यजमान गेल्यावर, माझ्या जन्माआधीच, ती माहेरी आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी जात नाही.

२२ नोव्हें., शनिवार
तिथ्या जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. हे स्वतःला बजावलं. मुळाक्षरं मला आत्यानंच गिरवायला लावली, सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच. आणि मी तिच्याबद्दल हे...
बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. पलंगावर पडूनही एकादशी सोडत नाहीत. आज आत्या त्यांचे पाय चेपता चेपता शेजारच्या भाभींना म्हणाली, "सासूचं केलं, ह्यांचं केलं, धाकट्या भावाचं केलं. आता याचंही मलाच करावं लागणार."
भाभी : "माई, आप तो देवी हो।"
बाबा : "अगं, मी आहे अजून!"
सगळे हसले. आत्या नाही.

२४ नोव्हें., सोमवार
आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची. तिचं श्राद्ध आम्ही अविधवा नवमीला करतो, त्यामुळे तिची खरी तिथी घरात कुणी कधी उच्चारलीच नाही. आज बाबांच्या फाइलमधून तिच्या मृत्यूचा दाखला काढला. तारीख मोबाइलच्या पंचांगात घातली. घाईत दोनदा चुकली.
द्वा.
पुन्हा पाहिलं. द्वा.

२६ नोव्हें., बुधवार
नानाखेड्याला मैत्रिणीकडे, पूजाकडे गेले. नर्स आहे, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "जो जल गए उनका अब क्या जाँचेंगे? खाना ला. फिर पुलिस थाने मैं साथ चलूँगी।" आणि आधी बाबांना सांग म्हणाली.

२७ नोव्हें., गुरुवार
सांगितलं. "जिनं तुला वाढवलं तिच्यावर? लाज नाही वाटत?" म्हटलं, या वेळी पारणं माझ्या हातचं घ्या. "ओवळ्यातलं? चल, हट."
बाबांनी तिला सांगितलं का? कळत नाही. दुपारी ताट वाढून म्हणाली, "बबे, जेवत का नाहीस?" डोकं दुखतंय म्हटलं. खोटं बोलले. ताट तसंच राहिलं.

२९ नोव्हें., शनिवार
स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत्याचं लक्ष गेलं. "लांब हो, शिवशील." शिवलं की तिला परत आंघोळ, आणि रांधलेलं सगळं गायीला. लहानपणी एकदा चुकून शिवले होते, तर तिनं अख्खा स्वयंपाक पुन्हा केला होता. बाबाही तोवर उपाशी बसून राहिले.
तिथेच उभ्या उभ्या सुचलं.

३० नोव्हें., रविवार
उद्या एकादशी. परवा सकाळी सातला आत्या मऊ भाताची वाटी घेऊन बाबांच्या खोलीकडे निघेल. पॅसेजमध्येच गाठायचं. शिवलेलं बाबा तोंडाला लावणार नाहीत, त्यांचा हट्ट या वेळी कामाचा. पण वाटी गायीपर्यंत जाऊ द्यायची नाही. झाकणाचा डबा तयार आहे. पूजा साडेसातला ऑटो घेऊन कोपऱ्यावर थांबेल. भाभी बाबांपाशी बसतील. त्यांना कारण सांगितलेलं नाही.
भातात काही निघालं नाही तर या घरात मी कोणत्या तोंडानं राहू? आणि निघालं तर आईचं...
मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी सात. मी आत्याला शिवणार.