या महिन्याचीही ट्रंक

ब्रुसेल्स, रविवार

प्रिय बाबा,

मी बरी आहे, खोकला गेला. तुमचे गुडघे काय म्हणतात? प्लम काढायला झाडावर चढू नका, शेजारच्या ओताकारला हाक मारा.

दर महिन्यासारख्या आजही आम्हा खासदारांच्या कागदपत्रांच्या ट्रंका ऑफिसच्या दाराबाहेर लागल्यात. चार दिवसांसाठी अख्खं युरोपियन पार्लमेंट इथून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाणार आणि परत येणार. लोकांच्या पैशावरची ही वरात थांबवीन, असं सांगूनच मी निवडून आले होते.

परवा आमच्या पक्षगटात माझी मागणी चर्चेला आली. थांबवायचं राहिलं, अभ्यास समिती नेमायचं ठरलं. मीही हात वर केला. म्हटलं, नसण्यापेक्षा बरं. अध्यक्ष मलाच केलंय. पहिली बैठक स्ट्रासबुर्गला. त्यामुळे आईच्या पुण्यतिथीला येणं होणार नाही. तिच्या थडग्यावर माझीही मेणबत्ती लावा.

तुम्ही म्हणायचात, "पुढारी पहिल्या दिवशी चोर नसतो गं, त्याला आधी खुर्ची मऊ लागते." खुर्ची खरंच मऊ आहे, बाबा.

आपल्याकडे राज्य होतं तेव्हा कम्युनिस्टांनी तुम्हाला बळजबरीनं मत द्यायला नेलं, त्यानंतर तुम्ही कधी मतदानाला गेला नाहीत. माझ्यासाठी मात्र लग्नातला कोट घालून गेलात.

पुढच्या निवडणुकीला तो कोट कपाटातच राहू द्या.

तुमचीच,
झ्देन्का