माळ आधी, सावधान नंतर

१२ मे १९९८, जळगाव

प्रतिज्ञा : धरणगावच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाज चित्रामागे पडला, हा दोष मुरलीधरच्या यंत्राचा आहे, माझ्या मुलीच्या हाताचा नाही. एवढेच सिद्ध करायचे. सिद्ध झाल्यावर मुरलीधरने आपले वाक्य जिथे उच्चारले तिथेच, तितक्याच मोठ्याने, मागे घ्यावे. तोवर मला स्वस्थता नाही, आणि ती नकोही आहे.

वाक्य जसेच्या तसे : "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं, तिथंच माझं चुकलं." काल, त्याच्या व्हिडिओच्या दुकानात, बाकावरच्या गिऱ्हाइकांदेखत. शैला दोन वर्षे त्याच्याकडे एडिटिंग करते. पर्स उचलून घरी आली, तांदूळ निवडत बसली. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित इतका थंड राहू शकलो नसतो.

१३ मे

तक्रारीचे स्वरूप. कॅसेटमध्ये अंतरपाट खाली जातो, नवरी माळ घालते, आणि त्यानंतर भटजींचे शेवटचे 'सावधान' ऐकू येते. म्हणजे मुहूर्ताआधी माळ. धुळ्याला सासरच्या घरी टीव्हीसमोर सगळ्या भावकीने हे पाहिले.

नवरीचे वडील सुकलाल आबा आज घरी आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"नाना, कॅसेट बठ्ठास्नी दखी. सासू म्हणस, माळ पहिले नि सावधान मांगे, म्हनीसन घरमा बरकत नही. नलूले रोज हाई आयकनं पडस."

मांडवात प्रत्यक्ष काय घडले, असे विचारले.

"मी तं पंगतनी सोय दखत व्हतू. अंतरपाट मामानी धरेल व्हता. तो म्हणस, सावधान आयकीसनच सोडा."

मामाची साक्ष पुरेशी. पुढे.

१५ मे

कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट पाहिली तर वाद एका बैठकीत मिटेल. ती मु.च्या कपाटात, किल्ली त्याच्या जानव्याला. गेलो. कूलर स्वतःकडे वळवून बसला होता. मला 'बसा' म्हणाला नाही.

"नाना, तुम्ही प्रोफेसर माणूस. तर्कशास्त्र वेगळं, व्हिडिओ वेगळा. आणि कॅसेट दुकानाची."

बरे. मूळ कॅसेटशिवाय सिद्ध करू. मग ती तो स्वतः काढून देईल.

१७ मे

शै.कडून कामाची रीत समजून घेतली. कॅमेऱ्याची कॅसेट लावून चित्र-आवाज संगणकात उतरवायचे, याला कॅप्चर म्हणतात. तिथे कापाकापी, मग पुन्हा कॅसेटवर. मंगलाष्टकांचा लांबलचक भाग मु.ने स्वतः कॅप्चर केला. शै. त्या दिवशी जामनेरला शूटिंगला. परतल्यावर तिने आवाज मागे असल्याचे सांगितले. "सीझन आहे ताई, कोण बघतंय," असे उत्तर. याला साक्षीदार नाही. म्हणूनच तो निर्धास्त.

तो व्होल्टेजला दोष देतो (शैलाला दिल्यावर उरलेला). दीपनगरचे वीजकेंद्र एवढ्या जवळ असून आमची वीज ही अशी, हे खरे. पण त्याच विजेवर छोटे तुकडे बिनचूक उतरतात. केवळ लांब तुकड्यात आवाज मागे राहतो. सबब व्होल्टेज बाद.

शै. चाचरत : "एक आहे, पण तुम्ही हसाल. बाप्पा."

त्या संगणकाला काही वेळ हात लावला नाही की पडद्यावर आपोआप गणपती येतो, भोवती समया फिरतात. मु.ची सक्त ताकीद : बाप्पा काढायचा नाही, धंद्याला शुभ. आणि कॅप्चर चालू असताना माऊसला कोण हात लावतो?

हसलो नाही.

२१ मे, धुळे

वसंत. माझा विद्यार्थी, तर्कशास्त्रात काठावर पास. आता इथे व्हिडिओचे दुकान. यंत्र मु.सारखेच, कॅप्चरचे कार्डही तेच. शै.ने तोच गणपती फ्लॉपीवर आणला होता.

प्रयोग : कॅमेऱ्यासमोर मी थांबून थांबून टाळ्या वाजवायच्या. वसंत म्हणाला, "नाना, आरतीच चालली म्हणा की." तीच कॅसेट दोनदा उतरवली.

अन्वय : गणपती असताना टाळीचा आवाज हात खाली आल्यावर. व्यतिरेक : गणपती नसताना हात आणि आवाज एकत्र.

समया फिरवण्यात संगणक गुंततो, मधली चित्रे गळतात. चित्र आखूड होते, आवाज पूर्ण लांबीचा राहतो. साहजिकच माळ पुढे, सावधान मागे. अग्नी आहे म्हणून धूर होत नाही, लाकूड ओले लागते. बाप्पा हे ओले लाकूड.

वसंतची एक शंका : "आपल्याकडे आवाज जेमतेम मागे पडला. लग्नात तर माळ घालून नवरीने मान खाली घातली, तरी सावधान नाही. फरक जास्त वाटतो."

मु.चे यंत्र जुने, म्हणून जास्त. वसंत काठावरच का पास झाला ते कळते.

२२ मे, धुळे

परतण्याआधी नलूच्या सासऱ्यांकडे गेलो. शै. म्हणाली, "आत्ताच कशाला, नाना?" ऐकले नाही. ओसरीवर सांगितले : दोष यंत्राचा, मांडव निर्दोष. मूळ कॅसेटवर दाखवतो, जळगावला या. सासरे : "येऊ की. चारजण घेऊनच येऊ."

नलू पाणी घेऊन आली. माझे वाक्य संपेपर्यंत तांब्या तसाच हातात धरून उभी होती. मग आत गेली, आणि आत कुणाशी तरी पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलली.

४ जून, जळगाव

आज झाले.

दुकानात आबा, शै., मी. बाकावर चार गिऱ्हाइके, हे पाहूनच आत शिरलो. मु.च्याच यंत्रावर, त्याच्याच हातांनी, टाळ्यांची कॅसेट दोनदा उतरवायला लावली. बाप्पासह आणि बाप्पाविना. दुसऱ्या वेळी तो स्वतःच पुटपुटला, "च्यायला."

मी : आता वाक्य.

"चुकलं ना, नाना."

कोणाचे? कर्ता सांगा.

"माझं."

काय चुकले? आणि हे मला नव्हे, तिला सांगायचे.

कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "ताई, मशीन माझ्यामुळं बिघडलं होतं. तुमचा हात चुकला नव्हता." बाकावरचा एकजण खोकला. मी मु.ला पुन्हा म्हणायला लावले. खोकल्यात दोन शब्द गेले होते.

आबा म्हणाले, "जाऊ द्या आते, नाना." जाऊ दिले नाही. कपाट उघडून घेतले. मूळ कॅसेट शै.च्या हातात. ती तो भाग नव्याने उतरवील. सात तारखेला आबांचे व्याही येणार, तेव्हा तिनेच दाखवायचा. मु.ने चहा सांगायचा.

कूलर आज माझ्याकडे वळवलेला होता. झोप उत्तम लागेल.

६ जून

शै.ने आज भाग उतरवला. बाप्पा काढलेला. ताशावर काडी पडते त्याच क्षणी आवाज. भटजींचे ओठ आणि शब्द एक. यंत्र निर्दोष.

आणि मामाचा हात सुटतो. अंतरपाट खाली. नलू माळ घालते. मग 'सावधान'.

फरक पूर्वीच्या निम्मा. पण क्रम तोच.

तीनदा पाहिले. मामा मागे कुणाशी तरी बोलत होता, टोक हातातून निसटले. नलू पाट गेला म्हणून पुढे झाली. तिचा काय दोष?

शै.ने कॅसेट थांबवली. मग : "आवाज इतकासा माळेच्या अलीकडे सरकवता येतो, नाना. कुणाला कळणार नाही. ज्या दोषाबद्दल मला बोलणी बसली, तोच आता हातानं करायचा, एवढंच."

मु. दारात उभा होता, चहाचा पेला हातात. सगळे पाहिले. आवाज मुळीच चढवला नाही :

"नाना, माझा बाप्पा परत लावू का? दोष घ्यायला."

कॅसेट चौथ्यांदा लावायला सांगितली.

७ जून

दुकानातच लिहितो, बाकावर. आबा सकाळपासून येऊन बसलेत, धुतलेली टोपी. "नाना, आज बठ्ठं मिटी जाई ना?" मान हलवली. होकार की नकार, मलाही ठरवता आले नाही.

मु.ने न सांगता चहा मागवला. शै. यंत्रापाशी. माऊसवर हात. दोनदा विचारून झाले, "सरकवू?" आवाज सरकवला तर नलूचा जाच थांबतो, आणि मु.ला माझ्या मुलीविरुद्ध खरे बोलण्याची सोय होते. न सरकवला तर माझ्या मुलीचे नाव स्वच्छ, आणि नलूला माझ्याच साक्षीने बोल.

जीप दारात थांबली. माणसे उतरताहेत. चार नव्हे, जास्त.

मुरलीधरविरुद्धची प्रतिज्ञा सिद्ध झाली. तिच्यातले अक्षर मागे घेत नाही. मात्र यंत्र दोषी ठरल्याने मांडव निर्दोष ठरत नव्हता. एका कार्याला दोन कारणे असू शकतात. वसंतने तेच सांगितले होते आणि मी त्याचे जुने गुण आठवत बसलो. मूळ कॅसेट न पाहता निगमन केले, आणि मुरलीधरला हरवण्याच्या घाईत ते नलूच्या सासरी ओसरीवर बोलून आलो. ही चूक माझी. कर्ता मी.

ना. दा. चौधरी