आधी पाणी, मग नाव

दि. १८ नोव्हेंबर २००७

पडदा पांढराच राहिला! मुरबाडला महिपतच्या संगणकाच्या दुकानात मी ताठ बसून होतो. पानाचा पत्ता अचूक टाकला होता — कन्या रुपालीने फोनवर सांगितलेला, तिच्या आईने, बाईजाने, तोंडपाठ करून माझ्यापर्यंत आणलेला. परगावी राहणाऱ्यांनी आपल्या बिऱ्हाडाची छायाचित्रे घरच्यांना दाखवावीत, असे ते पान आहे म्हणे. समोर काहीच नाही. ओसाड घराच्या दारात उभे राहणे आमच्या कुळात शोभत नाही. उठून परत आलो.

मला न विचारता कन्या बंगळूरला गेली, ती ह्या पांढऱ्या भिंतीसाठी?

दि. १९ नोव्हेंबर

बाईजा हसली. "दार बंद दिसलं न माघारी आलात? जावई रुसतो तसं!"

रुपालीचा फोन मी घेत नाही. जी न विचारता गेली, तिने समोर उभे राहून बोलावे. आली की उंबऱ्यावरच विचारणार — कोणाला विचारून गेलीस? प्रश्न तयार आहे.

दि. २ डिसेंबर

खताच्या निमित्ताने पुन्हा मुरबाड. पडदा पुन्हा पांढरा. उठू लागलो तर महिपतने खुर्ची धरली. "बसा ना आबा! आत्ता कुठं उठतंय ते. तुमी पन सकाळी डोलं उघडल्या उघडल्या नांगर धरता काय?"

त्याने समजाविले ते असे. पान मागितले की प्रथम रिकामी चौकट येते. म्हसा गावच्या जत्रेत दुकानाचे पाल ठोकतात तशी — नुसत्या काठ्या. माल नाही, माणूस नाही. मागून कामाच्या सूचना येतात. त्या इथे, ह्याच यंत्रात, जाग्या होतात. काय कुठे मांडायचे ते ठरवितात. आलेला कोण, हे विचारतात. मग दूरच्या यंत्राकडून त्याच्यापुरता माल मागवून पाल भरतात.

"न हे समोरचं सगलं मांडायचं काम तिकडं तुमची रुपालीच करते, आबा."

हे मला ठाऊक नव्हते.

पांढरे गेले आणि लगेच प्रश्न — नाव काय? परवलीचा शब्द काय? उंबऱ्यावरच! आपल्या घरी अनोळखी आला तरी प्रथम पाण्याचा तांब्या, मग नाव-गाव. हे मी तिला शिकविले आहे!

बाईजाने पत्त्याबरोबर आणलेला शब्द मी सांगितला, महिपतने अक्षरे दाबली. तिची खोली दिसली. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. दाराबाहेर चपलांचा एकच जोड. तो मी बराच वेळ पाहिला.

दि. ३ डिसेंबर

पाण्याचे बाईजाला रागानेच सांगितले. सायंकाळी फोन वाजला, तेव्हा तिने ते तसेच पोहोचविले — "बाबा म्हनतात, तुज्या घरात पानी नाय गो विचारीत!" नंतर पलीकडचे ऐकत राहिली. मग हळूच, "नाय गो. नाय घेनार ते. अंगनात हायेत."

दि. १६ डिसेंबर

जेवताना तिसरा पाट मीच मांडला. बाईजाने उचलून ठेवला.

दि. ६ जानेवारी २००८

आज पडदा पांढरा राहिलाच नाही! रिकाम्या चौकटीबरोबर, सूचना पोहोचण्याआधीच, एक पितळी तांब्या आला. खाली अक्षरे — "पाणी घ्या. येतेच."

"मराठीत उघडलं का आता सगल्यांनाच हा येतो," महिपत म्हणाला. "मला पन आला!"

तांब्याच्या काठाशी पोचा होता. ओळखला — आमच्याच घरचा. रुपाली गेली तेव्हापासून बाईजा तो शोधते आहे.

मग नाव विचारले. आज एकेक अक्षर मी स्वतः दाबले.

दि. २० जानेवारी

भर दुपारी उंबऱ्यावर रुपाली! प्रश्न ओठांवर होता. परंतु आधी पाणी. तिने पिशवीतून तोच तांब्या काढून माझ्या हाती दिला. मी तो भरून आणला.