बुटकीला पाणी

ता. ९, मंगळवार

वन्सं यांस,

नमस्कार. त्याच्या आधी "सप्रेम" लिहितात, ते या वेळी गाळलं आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत खोटं बोलायला नको.

इकडे सर्व ठीक. तुमचे बंधू ठीक, म्हणजे लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून येतात, जेवतात आणि आपल्या दोघींच्या मधे पडायचं नाही हा त्यांचा बाणा सांभाळतात. माझं शिवणाचं काम बरं चाललंय. तुमचं पत्र मिळालं. ते वाचून माझं डोकं ठिकाणावर येतंय न येतंय तोच तुम्ही पाठवलेल्या चौकशीच्या बाई दारात हजर. तुम्हाला आईंना भेटायला यायला सवड नाही, पण माझ्या घरावर सरकारी माणूस घालायला बरी सवड मिळाली.

तुम्ही लिहिता, "आईने स्वतःच्या तोंडाने मला फोनवर सांगितलं." काय सांगितलं, तेही लिहिलंय. पाणी देत नाही. बोट खुपसून बघते आणि म्हणते, अजून ओली आहे, आज पाणी नको. उन्हाला जाऊ देत नाही. पाय आखडून इतक्याशा जागेत कोंबलेत. काठीला बांधून ठेवते. आणि कात्रीने कापते! या "कापते"च्या पुढे तुमचं पेन कागदातून आरपार गेलंय. शेवटी धमकी, की महिनाअखेरीस येऊन आईंना तुमच्याकडच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवणार आणि "माझा पामही" घेऊन जाणार.

वन्सं, यातली एकूण एक गोष्ट मी करते. मी नाकारत नाही. पण पामला करते.

तुमच्याच पामला. घर सोडताना आईंच्या खोलीत ठेवून गेलात ना, कोथिंबिरीच्या जुडीएवढा होता. "बघ, दोन-तीन वर्षांत छताला टेकेल," असं मला ऐकवलंत, आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत. छताला कसला टेकतोय! आत्ता कुठे शिवणयंत्रावर बसलेल्या माझ्या कानाला लागतो. एक नवं पान यायचं म्हणजे याचे नखरे किती. आधी नुसती गुंडाळलेली हिरवी सुई वर येते, मग ती आठवडेच्या आठवडे तशीच उभी, आणि आपण कंटाळून बघायचं सोडलं की मग उलगडणार. याला रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात, म्हणून मातीत बोट खुपसून बघावं लागतं. थेट ऊन लागलं तर पानं करपतात. कुंडी तंगच लागते, मोठी दिली की रुसतो. मधे एकीकडे कलायला लागला, म्हणून काठी लावून बांधला. आणि पानांची टोकं वाळतात ती मी कापडाच्या कात्रीने छाटते. माझ्या कापडाच्या कात्रीला घरात कुणी हात लावलेला मला खपत नाही, ती मी तुमच्या झाडासाठी बोथट केली.

हे सगळं आईंच्या पलंगासमोर चालतं. त्या बघत असतात आणि त्यांना ते पटत नाही.

चौकशीच्या बाई चांगल्या होत्या, हे तुमचं दुर्दैव. त्यांनी आईंचे हात बघितले, पाय बघितले, पाठ बघितली, चादर उचलून बघितली. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण दार लोटलेलंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आजी, तुम्हाला इथे पाणी मिळतं का?"

"मला मिळतं हो. मला काय धाड भरलीय? हिला विचारा, हिला!"

"हिला म्हणजे कुणाला?"

"ही काय, कोपऱ्यात उभी आहे बिचारी. बुटकी माझी. स्वतःचं गाऱ्हाणं सांगायची नाही ती, पहिल्यापासून सोशीक."

बाई बाहेर आल्या तेव्हा ओठ दाबून हसत होत्या. तक्रारीत काही तथ्य नाही, असं म्हणाल्या, चहाला नको म्हणाल्या, आणि चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "ही बुटकी कोण?" मी म्हटलं, "झाड आहे." त्या गेल्या.

बुटकी कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर बसवायचे म्हणून आईंनी तुम्हाला पाडलेलं नाव. आता समजलं, फोनवर काय झालं ते? त्या म्हणत होत्या, "बुटकीला पाणी देत नाही." तुम्ही ऐकलंत, "बुटके, मला पाणी देत नाही." तुम्हाला वाटलं, आई आपल्याला हाक मारतेय. नाही वन्सं. त्यांनी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. फोनवर कुणीतरी भली बाई आहे असं समजून त्या तिला सांगत होत्या, माझ्या मुलीचे फार हाल चाललेत, काहीतरी करा.

हे वाचून तुम्हाला लागेल. लागावं म्हणूनच लिहिलंय.

इथेच सही करून पाकीट बंद करणार होते. पण तुम्ही पाम न्यायला येताय, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. बंधूंना यातलं काही ठाऊक नाही, ते त्या वेळी कामावर असतात.

गेल्या थंडीत आईंनी जेवण सोडलं. माझ्या हातचा घास आला की ओठ मिटायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. एका दुपारी मी ताट बाजूला ठेवून पामची पानं पुसत होते, पलीकडच्या बाजूने वाकून. मी पानांच्या आड होते, त्यांना दिसत नव्हते. त्या पामला म्हणाल्या, "बुटके, तू जेवलीस का गं?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "मी जेवले. तूही खा ना गं, आई."

तुम्ही लेक आहात, तुम्हाला यात काय विशेष ते कळायचं नाही. या घरात आल्यापासून मी त्यांना "अहो आई" म्हणत आलेय. "तू" नाही, "गं" तर नाहीच. ते दोन्ही तुमच्या मालकीचे. ते बोलताना माझी जीभ चाचरली, पण आवाज बरोबर तुमचा लागला. तुमचा तो लाडिक, थोडा नाकातला आवाज मला पहिल्यापासून डोक्यात जातो, त्यामुळे पाठ आहे.

त्यांनी तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज हेच. मी पामच्या मागे उभी राहून तुम्ही बनते, मग पुढे येऊन घास भरवते, मग पुन्हा मागे. त्या बुटकीजवळ माझी गाऱ्हाणी करतात. भाजी खारट आहे, यंत्राचा खडखडाट फार, तुझ्या वहिनीला कशाची म्हणून रीत नाही. आणि मी तुमच्या आवाजात म्हणते, "हो गं आई, तिला काही येतच नाही." माझ्याच घरात, माझीच चहाडी, माझ्याच तोंडाने! तुम्हाला याहून मोठं सुख मी काय देऊ?

परवा त्यांनी हळूच विचारलं, "ही भरवायला येते ती बाई कोण गं? कामाला ठेवलीस का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तर म्हणाल्या, "बरी आहे. हात हलका आहे तिचा. सोडू नकोस तिला."

पाठीमागच्या भिंतीला टेकून मी रडले. सून म्हणून जे कधी मिळालं नाही, ते कामवाली म्हणून मिळालं, तेही तुमच्या नावाने. त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा तुमच्या या पत्रानेही आला नाही. कारण त्यांना "आई गं" म्हणायची आता मला सवय झालीय, आणि ती सवय मला हवी आहे. दुपारची मी वाट बघते. हे तुम्ही माझ्याकडून काढून घ्यायला निघाला आहात, आणि तसा हक्क तुमचाच आहे, म्हणून मी इतकी चिडलेय.

तेव्हा या. महिनाअखेरीस कशाला, लवकर या. पाम तुमचा आहे, आई तुमच्या आहेत. पाम नेलात तर आई त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसतील आणि घास घेणार नाहीत. आईंना नेलंत तर संस्थेत त्यांच्याशी बुटकी होऊन कोण बोलणार? तुम्ही समोर उभ्या राहून "मी बुटकी" म्हणालात, तर त्या तुम्हाला परकी बाई समजून माझ्या मुलीला पाणी द्या म्हणतील. तेव्हा मागे उभ्या राहायला शिका. वाकावं लागतं, कंबर भरून येते. आणि एकदा बोलायला लागलात की रोज बोलावं लागतं, सवड मिळेल तेव्हा नाही.

दोन्ही न्यायचं ठरलं असेल तर तेही करून बघा. मी आडवी येणार नाही, दोरी बांधून कुंडी खाली उतरवायला तुमचे बंधू मदत करतील. पण तुमचा आवाज मात्र माझ्याकडेच राहील, वन्सं. तो मी देणार नाही.

तुमची वहिनी,
आणि रोज दुपारी आईंची
बुटकी